वेताळाचा प्रश्न आणि धुक्यातले गाव

भुताची गोष्ट ही मुळात कानांनी ऐकायची वस्तू. पुढे ती पोथीत गेली, छापील पुस्तकात आली, चित्रांच्या चौकटींत बसली, पडद्यावर हिंडूफिरू लागली. आणि आता तर ती व्हिडिओ गेमच्या रूपाने मुलांच्या हातात येऊन बसली आहे. इतकी घरे बदलताना गोष्टीतले भय तिच्याबरोबर जाते, की मागच्या घरीच राहून जाते, हा प्रश्न आपल्या टीकेने फारसा विचारलेला नाही. भयकथा म्हणजे प्रवासात वेळ काढण्याचे वाचन, तिची कसली आली आहे समीक्षा, असा आपला एकंदर सूर. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना वाचकांनी डोक्यावर घेतले, पण त्यांच्या कथांची कारागिरी उलगडून पाहण्याचे कष्ट थोड्याच विद्वानांनी घेतले. हे कष्ट टाळण्यासारखे नाहीत. कारण ज्या घरात हा अंक वाचला जात असेल, त्याच घराच्या माडीवर एखादा मुलगा दिवे मालवून, कानांत बोंडे घालून एका भयाण गावातून हिंडत असण्याचा बराच संभव आहे.

त्या गावाचे नाव सायलेंट हिल. कोनामी या जपानी कंपनीने १९९९ साली हा खेळ काढला. पुढे त्याचे अनेक भाग निघाले, २००६ साली चित्रपट झाला, २०२४ साली दुसरा भाग नव्याने घडवून पुन्हा बाजारात आला, आणि २०२५ साली जपानमधील एका खेड्यात घडणारा नवा भागही निघाला. या खेळावरून अमेरिकेत चित्रकथा निघाल्या, ज्यांना आपली मुले कॉमिक्स म्हणतात. खेळ ज्यांनी पाहिला नाही त्या वडीलधाऱ्या वाचकांना तो एका शब्दात समजावून देता येईल. तो शब्द आपल्या वऱ्हाडातलाच आहे: चकवा.

रात्री शेतावरून परतणाऱ्या माणसाला चकवा लागतो. पायाखालची वाट रोजची असते, बांध ओळखीचा असतो, पण चालून चालून माणूस पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. चकव्याला दात नसतात, नखे नसतात, तो कोणाचे रक्त पीत नाही. ओळखीची जागा अनोळखी करून टाकणे एवढेच तो करतो, आणि तेवढ्यानेच धट्ट्याकट्ट्या गड्याला घाम फुटतो. सायलेंट हिल हे असेच चकव्याचे गाव आहे. हॅरी मेसन नावाचा एक साधा माणूस मोटारीच्या अपघातानंतर शुद्धीवर येतो, तो शेजारी बसलेली त्याची लहान मुलगी नाहीशी झालेली असते. तिला शोधत तो गावात शिरतो. गावभर दाट धुके. रस्ते मध्येच तुटून खोल दरीत गेलेले. दुकाने, शाळा, इस्पितळ सारे जागच्या जागी, पण माणूस नाही. हॅरीजवळ एक रेडिओ आहे. काही अभद्र जवळ आले की तो खरखरू लागतो. समोर काही दिसत नसते आणि रेडिओ खरखरत असतो. खेळणाऱ्याच्या छातीत धडधडते ते त्या वेळी. राक्षस दिसतो तेव्हा एक प्रकारे सुटकाच होते.

या धुक्याची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या यंत्राला लांबवरचे देखावे भराभर रेखाटण्याची ताकद नव्हती. म्हणून करणाऱ्यांनी लांबचे सारे धुक्यात आणि अंधारात झाकून टाकले. गरजेपोटी ओढलेला हा पडदाच त्या खेळाचा प्राण ठरला. नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. तुटपुंज्या साधनांतून कल्पकता कशी सुचते, हे गावोगावच्या रंगभूमीने नेहमीच पाहिले आहे.

दुसरा भाग २००१ सालचा. त्यात जेम्स नावाच्या माणसाला त्याच्या पत्नीचे पत्र येते: मी आपल्या आवडत्या गावी तुझी वाट पाहते आहे. पत्नीला मरून तीन वर्षे झाली आहेत, असे तो समजून चालला आहे. तो गावात जातो, आणि शेवटी उलगडते ते हे की, आजारी पत्नीचा जीव त्यानेच घेतला होता. गावातली भुते त्याच्या मनातूनच उठलेली असतात. पण खरी कारागिरी पुढेच आहे. या खेळाला शेवट एक नाही, अनेक आहेत. आणि कोणता शेवट वाट्याला यायचा हे खेळणाऱ्याच्या वागण्यावरून ठरते. जो स्वतःच्या जखमांकडे दुर्लक्ष करीत खेळला त्याला एक शेवट. जो पत्नीचा फोटो आणि पत्र पुन्हा पुन्हा काढून पाहत राहिला त्याला दुसरा. खेळणाऱ्याला वाटत असते की आपण खेळ पाहतो आहोत. वास्तविक खेळच त्याच्याकडे पाहत असतो. न विचारता त्याला एक प्रश्न विचारलेला असतो, आणि त्याचे उत्तर न सांगता नोंदून घेतलेले असते.

आता चित्रकथांकडे वळू. आयडीडब्ल्यू या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने २००४ पासून त्या काढल्या. पहिली 'डाइंग इनसाइड'. लेखक स्कॉट सिएन्सिन, आणि आरंभीच्या अंकांचा चित्रकार बेन टेम्पलस्मिथ. हा टेम्पलस्मिथ लेचापेचा चित्रकार नव्हे. '३० डेज ऑफ नाइट' या भयकथेने त्याचे नाव झालेले होते. मळकट रंगांचे ओघळ, फरकाटलेल्या रेषा, माणसांचे आजारी चेहरे हे सारे त्याला उत्तम साधते. कथेत एक मनोविकारतज्ज्ञ आपल्या रोगी मुलीला बरे करण्यासाठी त्याच शापित गावात घेऊन जातो. बीज चांगले आहे. पण वाचताना अंगावर काटा येत नाही. पाने उलटली जातात, चित्रांचे कौतुक वाटते, आणि भय मात्र कोठेतरी मागे राहून जाते. असे का व्हावे?

पहिले कारण असे की, धुके कागदावर येताच त्याचा नुसता रंग होतो. खेळात धुके म्हणजे पुढचे पाऊल टाकावे की नाही हा प्रश्न असतो. ते पाऊल खेळणाऱ्यानेच टाकायचे असते आणि दार त्यानेच उघडायचे असते. चित्रकथेत दार आधीच उघडलेले असते. शिवाय संपूर्ण पान एका दृष्टिक्षेपात नजरेत येते. वरच्या चौकटीतला माणूस चाचपडत असतो तेव्हा खालच्या चौकटीतला राक्षस वाचकाला दिसून चुकलेला असतो. दुसरे कारण आवाजाचे. रेडिओची खरखर अक्षरांनी लिहून दाखवता येते, पण ऐकवता येत नाही. या दोन उणिवा माध्यमाच्याच आहेत. त्यांचा दोष लेखकाला देता येणार नाही. त्या भरून काढण्यासाठी त्याने जो उपाय योजला, त्याचा दोष मात्र त्याचाच. त्याने रक्त वाढवले आणि बोलणे वाढवले. जिथे खेळ गप्प राहतो तिथे चित्रकथेतली पात्रे बोलत सुटतात, आणि जिथे बोलणे पुरत नाही तिथे आतडी बाहेर येतात.

आपल्या जुन्या रसशास्त्राने हा फरक फार नेमका ओळखला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत, त्यांत भयानक वेगळा आणि बीभत्स वेगळा. एकाचा स्थायिभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भयाने माणूस थबकतो, कान टवकारतो, पुढे काय याची वाट पाहतो. किळसेने तो तोंड फिरवतो. भयाला पुढचा क्षण हवा असतो, तर किळस जागच्या जागी संपते. एकदा तोंड फिरवलेल्या वाचकाला पुन्हा भिववणे अवघड. 'डाइंग इनसाइड' आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या काही चित्रकथा भयानकाच्या वाटेने निघाल्या आणि बीभत्साच्या मुक्कामी जाऊन पोचल्या. रस बदलला, आणि तो बदलल्याचे करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

चित्रकथेचे माध्यमच भयाला नालायक आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. जपानचा जुन्जी इतो हा चित्रकार 'उझुमाकी' या १९९८-९९ मधल्या मालिकेत एका गावाला लागलेला चक्राकार आकृतीचा नाद रंगवतो. गोगलगायीचे शंख, केसांच्या बटा, धुराची वेटोळी, अशा रोजच्या गोष्टींतून ते भय वर येते. इतो पानाच्या शेवटच्या चौकटीत माणसाला मान वळवायला लावतो, आणि त्याने काय पाहिले ते पान उलटल्यावरच दाखवतो. म्हणजे दार पुन्हा वाचकाच्या हाती आले. पान उलटणे हेच त्याचे दार उघडणे. सायलेंट हिलच्याच चित्रकथांत २०१० साली निघालेली 'पास्ट लाइफ' बरीच उजवी आहे, तीही याच कारणाने. लेखक टॉम वॉल्ट्झ आणि चित्रकार मेंटन यांनी कथा एकोणिसाव्या शतकात नेली. वाईट मार्ग सोडून आलेला एक माणूस गरोदर पत्नीसह त्या गावी संसार मांडतो, आणि त्याची जुनी पापे त्याला गाठतात. इथे खेळातले राक्षस उसने आणलेले नाहीत. खेळातला न्याय आणला आहे. ज्याचे भूत त्याच्याच कर्मातून उठते, हा तो न्याय.

हा न्याय आपल्याला परका नाही, आणि भयकथेचे घर बदलण्याचा खेळही परका नाही. वेताळाचेच पाहा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. पुढे त्या देशी भाषांत आल्या, एकोणिसाव्या शतकात मराठीत छापल्या गेल्या, आणि मद्रासच्या 'चांदमामा' मासिकाच्या मराठी आवृत्तीतून, म्हणजे 'चांदोबा'तून, १९५२ पासून पुढे महाराष्ट्रातल्या घराघरांत गेल्या. १९८५ साली रामानंद सागरांनी त्या दूरदर्शनवर आणल्या. इतकी घरे बदलूनही वेताळाची पकड सुटली नाही. याचे कारण त्या कथेच्या बांधणीत आहे, आणि ती बांधणी, नवल वाटेल, पण अगदी व्हिडिओ गेमची आहे.

राजाला काम दिले आहे: झाडावरचे प्रेत उतरवून स्मशानातल्या योग्याकडे पोचवायचे. नियम एक: वाटेत बोलायचे नाही. प्रेतात शिरलेला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील. बोललास तर मी पुन्हा झाडावर. राजा बोलतो, वेताळ निसटतो, राजा पुन्हा पहिल्यापासून चालू लागतो. हरणे, मागे फिरणे, पुन्हा खेळणे, सारे त्यात आहे. आणि प्रश्न राजाला विचारलेला असला तरी त्यात ऐकणाराही अडकतो. शेवटच्या कथेत तर बाप मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी लग्न करतो. मग त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय, असे वेताळ विचारतो. राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प चालत राहतो, आणि त्या खऱ्याखुऱ्या मौनामुळेच त्याचे काम होते.

'चांदोबा'चे यश यात होते की, त्याने या बांधणीला धक्का लावला नाही. शंकर या चित्रकाराने काढलेले ते चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढे असेल: खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान. दर महिन्याला तेच चित्र, तीच सुरुवात, तोच शेवट. मूळच्या पंचवीस कथा संपल्यावर संपादकांनी नव्या कथा रचून वेताळाच्या तोंडी घातल्या, तरी वाचकांची तक्रार नव्हती. कारण गोष्ट नवी असली तरी प्रश्न विचारण्याची रीत जुनीच होती. चित्रात रक्ताचा थेंब नव्हता. भय त्या वाटेत होते, आणि त्या प्रश्नात होते.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. मुंबईहून १९६४ ते १९९० या काळात इंद्रजाल कॉमिक्स निघत असे. त्यात ली फॉक या अमेरिकन लेखकाच्या फँटमला मराठीत वेताळ हे नाव मिळाले. नाव भुतांच्या राजाचे, पण माणूस हाडामासाचा, अरण्यातल्या लोकांचा कैवारी. कोकणात आणि गोव्यात वेताळ ग्रामदैवत म्हणून गावाची राखण करतो, हे ध्यानात घेतले तर नाव देणाऱ्याने मोठ्या कल्पकतेने ते निवडले असे म्हणावे लागेल. पण भयाच्या दृष्टीने पाहता नाव आले आणि प्रश्न गेला. त्या कथा रंजक झाल्या, शौर्याच्या झाल्या. भयकथा झाल्या नाहीत, आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. नावावरून वस्तू ओळखू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

अलीकडच्या काळात मराठी मातीतले भय दुसऱ्या माध्यमात नेण्याचा सर्वांत यशस्वी प्रयत्न म्हणजे राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड'. चित्रपट हिंदी, प्रदर्शित झाला २०१८ साली, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, आणि बीज नारायण धारपांच्या कथेचे. धारपांच्या कथेतले भय एका घरापुरते आहे. बर्वे यांनी ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या लोभाशी बांधले. आणि इथेही पाहा, यशाचे रहस्य पुन्हा नियमातच आहे. हस्तर या भुकेल्या देवाला कणकेची बाहुली द्यायची, तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या कमरेच्या पिशवीतली नाणी लुटायची, आणि पिठाच्या रिंगणाबाहेर पाय टाकायचा नाही. हा नियम कळल्यावर प्रेक्षक मनातल्या मनात खेळू लागतो: एका बाहुलीऐवजी दहा नेल्या तर? चित्रपट त्याच्या या लोभाची वाट पाहत असतो, आणि एका क्षणी ते उत्तर त्याच्या पुढ्यात आणून टाकतो. सायलेंट हिलचा दुसरा भाग जे करतो तेच हे. म्हणून हे रूपांतर जिवंत.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न: हे सारे ठीक, पण मुलांच्या हाती असले काही द्यावेच का? हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी भयचित्रकथांवर तोफ डागली, सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक कडक आचारसंहिता लादून घेतली. त्या धाडीत वाईटाबरोबर चांगलेही वाहून गेले. आपल्याकडेही १९५६ साली संसदेने तरुणांना घातक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. चित्रांतून क्रौर्य आणि किळसवाणे प्रसंग रंगवून कोवळ्या मनांना बिघडवणारी पुस्तके हे त्याचे लक्ष्य होते. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. पण कायद्याला भयानक आणि बीभत्स यांतला फरक करता येत नाही. तो घरात आणि शाळेतच करावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे भुतांच्या गोष्टींचे कौतुक कशाला? अंगात आले म्हणून बाईला झोडपणारे, धनाच्या हंड्यासाठी अघोरी प्रकार करणारे लोक अजून आहेत. शिक्षक म्हणून हा आक्षेप मला टाळता येत नाही. माझे म्हणणे एवढेच की, वेताळाची कथा शेवटपर्यंत वाचावी. तिच्यात फसवा कोण आहे? भूत नव्हे. वेताळ खरे बोलतो. खोटा आहे तो स्मशानातला योगी. तो राजाचाच बळी देऊन सिद्धी मिळवू पाहत असतो, आणि वेताळच राजाला सावध करतो. हजार वर्षांपूर्वीची ही भोंदू बाबाची गोष्ट आहे, आणि तिच्यात भोंदूचे मुंडके उडते. वर्गात मोकळ्या तासाला ही कथा सांगून योगी आणि वेताळ यांत विश्वास कोणावर ठेवाल असे विचारले, की मुले आधी योग्याचे नाव घेतात. शेवट कळल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तिचा उपयोग उपदेशाच्या दहा तासांहून अधिक होतो. गोष्टीतले भय खोटे आहे हे मुलांना चांगले ठाऊक असते. त्या खोट्या भयाच्या आडोशाने खरे काय आहे हे त्यांना दिसू शकते. मात्र गोष्टीने प्रश्न विचारला पाहिजे. नुसते किंचाळणाऱ्या गोष्टीतून असे काही दिसत नाही.

म्हणून माझी तक्रार मुलांच्या खेळांबद्दल नसून आपल्या लेखक-चित्रकारांच्या आळसाबद्दल आहे. चकवा, मुंजा, हडळ, समंध, खवीस अशी आपली भुते एकाहून एक स्वभावाची. प्रत्येकाची राहण्याची जागा ठरलेली, प्रत्येकाचा नियम ठरलेला. आमच्याच जिल्ह्यातले लोणार घ्या. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेले जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर, तळाशी खारे पाणी, काठावर झाडीत दडलेली पडकी देवळे, आणि विष्णूने मारलेल्या लवणासुराची कथा. २०२० सालच्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. धुक्याच्या गावासाठी परमुलखात जावे लागते, ते आपल्याकडे जागा नाही म्हणून नव्हे. हातही आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. भाऊ शोधत निघालेल्या एका मुलीची कथा भारतीय शिल्पांच्या आणि पुराणांच्या आधाराने त्यांनी जगापुढे मांडली. तो भयाचा खेळ नाही, पण कसब आहे याची ती साक्ष आहे.

जो कोणी हे काम अंगावर घेईल त्याने रक्ताच्या रंगावर पैसे घालवण्याआधी आपल्या भुताचा नियम काय आणि त्याचा प्रश्न कोणता, एवढे ठरवून घ्यावे. चित्रकथा काढणाऱ्याने पान उलटताना वाचकाचा हात क्षणभर थांबेल अशी चौकट शोधावी. खेळ करणाऱ्याने दार खेळणाऱ्यालाच उघडू द्यावे. आणि तोवर, फराळानंतर घरातली लहान-थोर माणसे एकत्र बसली असता, कोणीतरी वेताळाची एखादी गोष्ट मोठ्याने वाचावी, आणि प्रश्नापाशी येऊन पुस्तक मिटावे. माडीवरच्या मुलालाही खाली बोलवावे. उत्तरे घरातल्या सगळ्यांची सारखी येणार नाहीत, आणि ती का वेगळी आली याची चर्चा जेवणाच्या वेळेपर्यंत पुरेल.